पाठमोरी फुलं

२ जुलै

आलो एकदाचे. देवाच्या कृपेने एक कप सोडला तर काही फुटलं नाही, आणि त्या कपाचा कान आधीच गेलेला होता, तेव्हा तो धरायचा नाही. खोकी विकत न घेता सगळी भांडी जुन्या कपड्यांत गुंडाळून आणली. टेम्पोवाला म्हणाला, हे सामान आहे की धोब्याचं गाठोडं. हे हसले. मी नाही हसले. खोक्यांचे पैसे वाचले ते त्याला काय कळणार.

घर मोठ्या दिरांचं. खाली ते आणि जाऊबाई, वरच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर आम्हाला. यांची नोकरी घराला लागूनच असलेल्या जागेवर लागली म्हटल्यावर दिरांनी आपण होऊन बोलावलं. जाऊबाई दारातच उभ्या होत्या. भिंगरीला त्यांनी उचलूनच आत नेलं. (माझी लेक, यंदा दुसरीत. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात, खरं नाव आता फक्त शाळेला माहीत.) मला म्हणाल्या, या हिशेबनीस, आता आमच्याही घराला जरा शिस्त लागू दे. लग्नापासून त्या मला हिशेबनीस म्हणतात. मॅट्रिकला मी गणितात शाळेत पहिली होते हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे. बहुतेक मीच.

ही वही दिरांनी दिली. कुठल्याशा औषध कंपनीची, मागच्या वर्षीची. वार जुळत नाहीत, कागद मात्र गुळगुळीत. खर्च मागच्या बाजूने लिहीन, रोजचं पुढून.

स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. तिच्याशेजारच्या फळीवर देव मांडले, दिवा लावला. खिडकीतून खाली आमचं परसू, मग भिंत, आणि भिंतीपलीकडे यांची जागा: लांबच लांब, सगळी हिरवी. मन भरून आलं.

७ जुलै

ती हिरवी जागा म्हणजे काय ते आज यांनी नीट सांगितलं. तिथे पूर्वी गाड्यांच्या बॅटऱ्यांचा कारखाना होता. तो बंद पडून किती वर्षं लोटली. धुराडं आणि भिंती गेल्या वर्षी पाडल्या. मातीत शिसं मुरलेलं. सगळ्यात वाईट माती आधीच खणून, ताडपत्रीखाली झाकून नेली. उरलेल्या मातीत सूर्यफुलं पेरलीत. ती शोभेची नाहीत. रोप मुळांनी शिसं वर ओढतं, मग रोपं कापायची, पोत्यांत बंद करून दूर न्यायची, पुन्हा पेरायची. असं करत करत जमीन धुऊन निघते. मग तिथे घरं होणार, शाळेचं मैदान होणार.

हे तिथले मुकादम. कामावरचे कपडे तिथेच बदलतात, तिथेच धुतले जातात, बूट फाटकापाशी ठेवून येतात. आमचा साबण वाचला, असं मी म्हटलं तर हे म्हणाले, तुला स्वर्गात नेलं तरी तू आधी तिथला साबण बघशील.

माती तपासायला एक बाई येतात. त्यांनाच सगळे विचारतात. उंच, बारीक, पँटच्या खिशात सदैव लहान लहान पिशव्या. त्यांनी मला आणि जाऊबाईंना भिंतीशी उभं करून बजावलं की पलीकडचं काही घरात येता कामा नये. पान नाही, फूल नाही, बी तर नाहीच नाही. देवाला चार फुलं नेली तर, असं मी विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, देवाला चालेल, तुमच्या हाताला चालणार नाही. मग म्हणाल्या की रोपाला विष दिसत नसलं तरी ते कळतं. जिकडे जास्त असेल तिकडे त्याची मुळं आपोआप वळतात.

जाऊबाई आपल्या डब्यातल्या सूर्यफुलाच्या खारवलेल्या बिया चघळत ऐकत होत्या. म्हणाल्या, अगंबाई, मी या बाजारातल्या खाते त्या धुतलेल्याच असतात ना. तेव्हा मात्र त्या बाई हसल्या. जाऊबाईंच्या बोलण्याला कुणीही हसतं.

१६ जुलै

भिंगरी रुळली. जरा जास्तच रुळली.

शाळेतून आली की आधी खाली जाते. जाऊबाई दुपारी खिडकीत आरामखुर्ची टाकून मासिकं वाचतात, मांडीवर बियांचा डबा. ही त्यांच्या पायाशी. मी अधेमधे खाऊ देत नाही, पोट बिघडतं आणि जेवण वाया जातं. हे मी जाऊबाईंना सांगितलंय. त्या म्हणाल्या, बरं बाई, तुझी लेक, तुझा कायदा.

आज वेणी घालायला बसवली तर म्हणाली, काकू घालेल. काकू फिती लावते. माझ्याकडेही फीत आहे, चांगली आहे, माझ्या लग्नातली. ती म्हणाली, ती जुनी आहे.

लहान आहे. मनावर घेऊ नये.

२९ जुलै

सूर्यफुलं फुलली. सगळी एका दमात, पिवळीधमक. पण आमच्या खिडकीतून त्यांची फक्त पाठ दिसते. फुलं उगवतीकडे तोंड करून आणि आमचं घर मावळतीला. नुसते हिरवे देठ आणि हिरवी टाळकी, सभेला मागून बघावं तशी. दीर म्हणाले, एवढी मोठी बाग आणि आमच्या नशिबी तिचा अंबाडा.

जेवताना भिंगरीने जाऊबाईंना "मोठी आई" म्हटलं. कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाली, मीच. सगळ्यांना फार कौतुक वाटलं. जाऊबाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्यांना मूल नाही, त्याचं मला वाईट वाटतं, आजवर रोज देवापाशी त्यांच्यासाठी मागितलंय. पण मोठी ती आणि मग मी कोण? धाकटी?

वाढून झाल्यावर मी दोन वेळा हाक मारली. तिने वळूनही पाहिलं नाही.

६ ऑगस्ट

पूजा करताना मन लागत नाही. खालून दोघींचं हसणं येतं. तोंडाने जप आणि कान जिन्याकडे. मी देवाला म्हटलं, माझ्या मनातलं हे काढून टाक, हे बरं नव्हे.

डोळे उघडले तर खिडकीतून एक फूल माझ्याकडे बघत होतं.

भिंतीशेजारच्या ओळीतलं. बाकी सगळी पाठमोरी, आणि हे एक तेवढं वळलेलं. मोठं ताटाएवढं तोंड. मला वाटलं देवाने प्रसाद पाठवला. यांना दाखवलं तर म्हणाले, असतं एखादं वाकडं.

११ ऑगस्ट

भिंतीची सगळी ओळ वळली आहे. तिच्यामागची निम्मी.

हे आता नुसतं वाकडं म्हणत नाहीत. माती तपासणाऱ्या बाईंनी येऊन फोटो काढले, आमच्या घराच्या भिंतीकडेही बघितलं. म्हणाल्या, नुकताच पांढरा रंग दिलाय, त्यावरून ऊन परतत असेल. पण फुललेलं सूर्यफूल असं वळत नाही म्हणे, त्याची मान तोवर ताठ होते.

मला मात्र त्यांचं पहिल्या दिवसाचं बोलणं आठवलं. जिकडे विष जास्त तिकडे मुळं वळतात. मुळं वळतात तर फूल का वळणार नाही?

आमच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली जाऊबाईंची खिडकी आहे. तिथे त्या बसलेल्या असतात.

कुणाला बोलले नाही. पण दिवसभर हलकं वाटत होतं. काम भराभर झालं. चार माणसांत गोड बोलणं वेगळं आणि आतलं वेगळं. फुलांना कळतं म्हणजे देवालाच कळतं.

१९ ऑगस्ट

जाऊबाई माहेरी निघाल्या. चार दिवस सुट्टी म्हणून भिंगरीने हट्ट धरला की मीही जाणार. मी नाही म्हटलं. यांनी, दिरांनी, सगळ्यांनी मिळून मला हो म्हणायला लावलं. जाऊबाई म्हणाल्या, तुलाही जरा मोकळीक. मी कधी मागितली मोकळीक?

रिक्षात बसल्यावर तिने हात केला तो दिरांना.

चला, म्हटलं, निदान आता फुलं पाठ फिरवतील.

२० ऑगस्ट

फिरवली नाही.

खालची खिडकी बंद आहे. खुर्ची रिकामी. आणि पूर्ण शेत, भिंतीपासून पार पलीकडच्या फाटकापर्यंत, घराकडे तोंड करून उभं आहे.

मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले. फुलांनी माना वर केल्या.

सावकाश. वाऱ्याने होतं तसं नाही, वारा नव्हताच. दोरीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे गेले. त्यांची तोंडं आली माझ्याबरोबर. परत आले. परत आली. मी पिळलेली चादर तशीच बादलीत टाकून खाली आले, दार लावलं आणि बराच वेळ देवापुढे बसले. दिवा लावायचाही राहिला.

त्यांच्यात नव्हतं. माझ्यात आहे.

२४ ऑगस्ट

भिंगरी आली. अंगावर नवा झगा, हातात रंगांची पेटी, सगळं जाऊबाईंनी घेतलेलं. तिथल्या आजीने हे केलं, तिथल्या आजीने ते केलं. मी जवळ घेतलं तर म्हणाली, आई, तू घट्ट धरतेस.

पूर्वेच्या खिडकीला मी जुनी चादर लावली आहे. यांना सांगितलं, ऊन येतं. हे म्हणाले, सकाळचं ऊन लोकांना विकत हवं असतं. फुलांबद्दल सांगू लागले तर म्हणाले, तू दिवसभर घरात असतेस, जरा बाहेर जात जा.

देवा, मी रोज म्हणते ना काढून टाक म्हणून. मग काढत का नाहीस? की तू या फुलांनाच लावलंयस त्या कामाला?

१ सप्टेंबर

फुलं वाळायच्या आत कापायची असतात, बी पक्कं व्हायच्या आधी, पाखरांनी खाऊ नये म्हणून. फक्त भिंतीजवळची ओळ ठेवली आहे. तिच्या बिया पिकवून तपासायच्या आहेत म्हणे. त्या फुलांच्या तोंडाला कापडी पिशव्या बांधल्या आहेत. बाकी शेत मोकळं झालं. पण ती ओळ तशीच, तोंडाला पिशव्या, आणि तोंडं इकडे. डोळे बांधलेल्या माणसांनी आवाजाच्या रोखाने बघावं तशी.

जाऊबाईंच्या बिया संपल्या. बाजारात जाशील तेव्हा आण, म्हणाल्या, आणि पैसे दिले. उरलेले तुलाच ठेव, म्हणाल्या. मोलकरणीला म्हणतात तसं.

भिंगरीने आज शाळेत घरचं चित्र काढलं. घर, काका, बाबा, झोपाळा आणि झोपाळ्यावर मोठी आई. मी कुठे आहे विचारलं. ती म्हणाली, तू आत आहेस, स्वयंपाकघरात. दिसत नाहीस.

३ सप्टेंबर

परसात कपडे काढत होते. भिंतीवरून एक फूल अलीकडे झुकलेलं होतं, पिशवीसकट, अगदी हाताशी. परवापर्यंत ते भिंतीपलीकडे होतं. मी मागे सरले तर आणखी खाली आलं. पिशवीची गाठ आपली आपणच सैल झालेली. आत बिया ठासून, काळ्या, पांढऱ्या रेघांच्या, बाजारात मिळतात अगदी त्याच.

बाजारात त्यांचा भाव फार वाढला आहे.

धुऊन घेतल्या. दोन पाण्यांतून. मिठाच्या पाण्यात भिजवल्या, मंद आचेवर भाजल्या. वास छान सुटला. धुतल्यावर काय राहतं? त्या बाई शिकलेल्या, त्यांना सगळ्यातच भीती वाटते. मी नुसती वस्तू वाया जाऊ दिली नाही, एवढंच. जाऊबाईंचे पैसे मी देवापुढच्या डबीत टाकले, स्वतःला एक पैसा ठेवला नाही.

भिंगरीला बजावलं की अधेमधे काही तोंडात घालायचं नाही. ती मान डोलावून पळाली.

डबा भरून खाली ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, अगदी ताज्या मिळाल्या ग.

९ सप्टेंबर

दुसरं फूल झुकलं. मग तिसरं. डबा भरलेला ठेवते. भराभर संपतो. खातात बऱ्याच.

रात्री झोप शांत लागते. असं कितीतरी दिवसांत झालं नव्हतं.

१५ सप्टेंबर

भिंतीची ओळही कापली. पिशव्या कमी भरल्या, त्या बाई कुरकुरल्या, पाखरांवर ढकललं. सगळी पोती ट्रकमधून गेली. मी खिडकीची चादर काढली, धुतली, घडी करून ठेवली.

उघडी माती. सरळ, मोकळी. कुणी बघत नाही.

देवाला मनापासून हात जोडले. माझ्यातलं गेलं असावं. ओढून नेलं फुलांनी.

१९ सप्टेंबर

आज भिंगरी शाळेतून आली ती सरळ वर आली. खाली गेलीच नाही. मी कणीक मळत होते, ती ओट्याशी येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली माझ्याकडे. काय ग, म्हटलं. काही नाही, म्हणाली. खालून जाऊबाईंनी हाक मारली, दोनदा. हिने वळूनही पाहिलं नाही.

मला रडू आलं. किती वाट पाहिली होती मी याची.

२१ सप्टेंबर

दिवसभर माझ्याजवळ. शाळेला जायला नको म्हणते, पोटात दुखतं म्हणते. जेवण कमी आहे, जरा फिकट दिसते, वाढीचं वय. वेणी मी घातली, माझी लग्नातली फीत लावली. काही बोलली नाही. बसून राहिली शहाण्यासारखी.

हे म्हणाले, आपली भिंगरी एवढी गप्प कधीपासून? मी म्हटलं, आईजवळ असली की मूल शांत होतं.

२३ सप्टेंबर

खेळत नाही. मी या खोलीतून त्या खोलीत गेले की तिची मान वळते. अंग नाही, नुसती मान. पाठ माझ्याकडे असली तर आधी पाठ वळते, मग मान. सावकाश.

मी गच्चीवर गेले. खाली आले तर ती पलंगावर बसून छताकडे बघत होती. मी जिथे उभी होते बरोबर तिथे.

कुठे पाहिलंय मी हे

२४ सप्टेंबर

जाऊबाई वर आल्या, भिंगरीच्या कपाळाला हात लावून बघितला. ती त्यांच्या हाताखालून माझ्याकडेच बघत. मी विषय काढायचा म्हणून म्हटलं, वहिनी, बिया संपल्या असतील, आणू का आणखी?

त्या म्हणाल्या, "अगं, मी कुठे खाते? तू बिया आणल्यास त्याच आठवड्यात दाढ काढली, तेव्हापासून एक बी चावली नाही. डबा तुझ्या लेकीनेच संपवला. तू रागावशील म्हणून मीच म्हटलं तिला, आईला सांगू नकोस."

मग म्हणाल्या, तू एवढी घामाघूम का झालीस.

२५ सप्टेंबर

डॉक्टरांनी रक्त घेतलं. शिसं निघालं. पुष्कळ निघालं.

हे खुर्चीतच बसले. यांना वाटतं यांच्या कपड्यांतून आलं, बुटांतून आलं. माती तपासणाऱ्या बाई घरी आल्या, नळाचं पाणी घेतलं, भिंतीचा रंग खरवडला, रंगांतही शिसं असतं म्हणत भिंगरीची रंगांची पेटी पिशवीत घातली. माहेरी घेतलेली ती पेटी. जाऊबाईंनी ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसल्या. मी आणली, मी आणली, एवढंच म्हणत होत्या. दीर त्यांना ओरडले. मी त्यांना पाणी दिलं.



डॉक्टर म्हणाले, काय खाल्लं आणि किती दिवस ते कळलं तर नेमकं औषध आजपासून देता येईल. उशीर झाला तर ते डोक्यात बसतं, मग निघत नाही.

२६ सप्टेंबर

सांगायला हवं. सकाळपासून तीनदा जिन्यापर्यंत —

रिकामा डबा खालून मी वर आणून ठेवलाय. तळाला चार बिया आहेत. दाखवल्या की झालं. हे मला घराबाहेर काढतील. काढू देत. जाऊबाई माफ करतील, तेच सगळ्यात वाईट. माफ करून तिला मांडीवर घेतील.

जप येत नाही. शब्द विसरले. लहानपणापासूनचे —

भिंगरी बघते आहे. डोळे मिटत नाही. झोप लागली तरी मान वळते.

२७ सप्टेंबर

दवाखान्याची गाडी खाली आली. हे जिन्यात बोलताहेत. जाऊबाईंनी तिची पिशवी भरली, झगा, फिती. त्या सोबत जाणार म्हणतात. मी नाही, त्या.

डबा माझ्या मांडीवर. खाली जायचं, यांच्या हातात द्यायचा. दोन वाक्यं आहेत. औषध देतील मग. औषध सगळं ओढून काढेल. ती पुन्हा पळायला लागेल, हसेल, जिन्यावरून खाली — मोठी आई, मोठी आई —

बघते आहे. किती सरळ बघते. असं कुणी कधी पाहिलं नाही माझ्याकडे. जन्मली तेव्हा पाहिलं होतं, एकदा.

उठले. खिडकीपर्यंत गेले. वळली. देवापाशी गेले. वळली.

वर येताहेत. सांगते. देवाशपथ सांगते, आत्ता, दार उघडलं की — फक्त दार उघडेपर्यंत — अजून एवढा वेळ ती माझ्याक